हीट पंपासाठी प्रोग्रामेबल थर्मोस्टॅट : जोडणी आणि तिच्यामागील तर्क

प्रास्ताविक

घरातील तापमान आपोआप राखणाऱ्या थर्मोस्टॅटच्या इतिहासात एका शिक्षकाचे नाव आरंभीच येते, ही बाब प्राध्यापकवर्गाला रोचक वाटावी. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात व्हाइटवॉटर येथील शिक्षक-प्रशिक्षण संस्थेत वॉरन जॉन्सन हे प्राध्यापक होते. वर्गातील थंडी-उकाडा पाहण्यासाठी शिपाई वारंवार वर्गात येई आणि त्यामुळे अध्यापनात व्यत्यय येई. या त्रासातून त्यांनी तापमानाचा विद्युत संकेत देणारे उपकरण तयार केले व १८८३ मध्ये त्याचे पेटंट मिळविले. पुढे हे तत्त्व घराघरांत पोहोचले. भारतात खोलीपुरत्या एसीची व रिमोटची सवय असलेल्या, अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांचाही भिंतीवरील या छोट्या पेटीशी नित्य संबंध येतो. तेथील घर हीट पंपावर चालणारे असेल, तर थर्मोस्टॅट बदलणे हे वाटते तितके सरळ काम राहत नाही.

हीट पंपाचे वेगळेपण

गॅसची भट्टी उष्णता निर्माण करते, तर हीट पंप ती केवळ वाहून नेतो. हिवाळ्यात बाहेरच्या थंड हवेतील उष्णता शोषून तो घरात सोडतो आणि उन्हाळ्यात हाच क्रम उलटा करतो. ही उलटापालट दिशा बदलणाऱ्या एका झडपेमुळे घडते. सौम्य थंडीत एक युनिट विजेच्या मोबदल्यात दोन ते तीन युनिट उष्णता मिळते, हे या यंत्राचे खरे बळ होय. थंडी जसजशी वाढते तसतशी ही क्षमता घटते. म्हणून बहुतेक घरांत विजेच्या तारेची सहायक शेगडी जोडलेली असते. तिच्यात एका युनिट विजेला एकच युनिट उष्णता मिळते. भट्टीच्या थर्मोस्टॅटला 'चालू की बंद' एवढेच ठरवायचे असते. हीट पंपाच्या थर्मोस्टॅटला मात्र झडप कोणत्या दिशेला ठेवायची आणि उष्णता कोणत्या मार्गाने घ्यायची, हेही ठरवावे लागते.

जोडणी

प्रथम घरातील पंखा-यंत्र व बाहेरील यंत्र या दोहोंचा वीजपुरवठा मुख्य फळीवरून बंद करावा. जुने आवरण काढल्यावर जाड तारा व १२० किंवा २४० व्होल्टचा उल्लेख आढळल्यास काम तेथेच थांबवावे. ती निराळ्या प्रकारची व्यवस्था असते. हीट पंपाच्या नियंत्रण तारांमध्ये २४ व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह असतो. तारा सोडविण्यापूर्वी छायाचित्र घ्यावे व प्रत्येक तारेला ती ज्या खुणेच्या स्क्रूला होती त्या अक्षराची चिठ्ठी लावावी. रंगावर विसंबू नये. निळी तार एका घरात परतीची असते, तर दुसऱ्या घरात झडपेची.

'आर' ही वीज आणणारी तार, 'सी' ही परतीची, 'वाय' कॉम्प्रेसरची, 'जी' पंख्याची, 'ओ' अथवा 'बी' झडपेची आणि 'डब्ल्यू-२' किंवा 'ऑक्स' ही सहायक शेगडीची. वीज चालू असताना 'आर' व 'सी' यांचा परस्परांशी स्पर्श झाल्यास नियंत्रण-फळीवरील फ्यूज उडतो. फ्यूज नसेल तर ट्रान्सफॉर्मरच निकामी होऊ शकतो. तारा येतात ते भिंतीतील छिद्र बुजविणे ही क्षुल्लक वाटणारी, पण आवश्यक बाब आहे. भिंतीच्या पोकळीतील हवा आत येत राहिल्यास थर्मोस्टॅट खोलीचे नव्हे, भिंतीचे तापमान मोजतो.

खरी कसोटी पुढे असते. यंत्राचा प्रकार 'हीट पंप' असा न निवडता नेहमीच्या भट्टीचा निवडला, तर कॉम्प्रेसर स्वस्थ राहून सहायक शेगडीच सारे घर तापविण्याची शक्यता असते. बहुसंख्य उत्पादकांच्या यंत्रांत झडपेला शीतनाच्या वेळी वीज मिळते, ही 'ओ' पद्धत. काहींत तापनाच्या वेळी मिळते, ती 'बी' पद्धत. ही निवड चुकली, की तापन मागितल्यावर हीट पंप थंड हवा देऊ लागतो. तापमान उतरल्याने सहायक शेगडी पेटते आणि एकाच नळीत थंडावा व उष्णता परस्परांशी झुंजत राहतात. अशा वेळी घर कसेबसे उबदार राहते. त्यामुळे दोष घरात जाणवत नाही, विजेच्या देयकात मात्र दिसतो.

रात्रीच्या कपातीचा प्रश्न

'रात्री तापमान उतरवा, पहाटे वाढवा' हा प्रोग्रामेबल थर्मोस्टॅटचा मूळ मंत्र भट्टीसाठी योग्य आहे. हीट पंपाबाबत तो जसाच्या तसा लागू करणे चुकीचे ठरते. पहाटे एकदम मोठी वाढ मागितली, की साधा थर्मोस्टॅट सहायक शेगडी पेटवितो आणि रात्रीची बचत तासाभरात गमावली जाण्याचा संभव असतो. थर्मोस्टॅट बसविला म्हणजे बचत झाली, हा समज तेथील शासनालाही सोडावा लागला. प्रोग्रामेबल थर्मोस्टॅटना दिले जाणारे 'एनर्जी स्टार' चिन्ह २००९ च्या अखेरीस थांबविण्यात आले, कारण अपेक्षित बचत प्रत्यक्षात दिसून येत नव्हती. म्हणून हीट पंपासाठी खास बनविलेला, वेळेआधीच सावकाश तापविण्यास आरंभ करणारा आणि बाहेरचे तापमान ठराविक मर्यादेपेक्षा अधिक असताना शेगडी रोखून धरणारा थर्मोस्टॅट निवडणे इष्ट. तो नसेल, तर थंडीत एकच सुखावह तापमान कायम ठेवणे अधिक शहाणपणाचे.

वीज पुन्हा चालू केल्यावर तापमान दोन अंश फॅरनहाइटने वाढवून पाहावे. कॉम्प्रेसरच्या रक्षणासाठी पुष्कळ थर्मोस्टॅट सुमारे पाच मिनिटे थांबतात, तेव्हा घाईने बटणे दाबू नयेत. त्यानंतर बाहेरील यंत्र सुरू झाले का, जाळीतून उबदार हवा येते का आणि पडद्यावर सहायक उष्णतेची खूण उमटलेली नाही ना, हे क्रमाने तपासावे. हवा थंड आल्यास तारा उचकण्याआधी 'ओ-बी'ची निवड बदलून पाहावी.