पार्कर्सबर्ग ते लोटे

६ एप्रिल १९३८. न्यू जर्सीत ड्युपाँटच्या प्रयोगशाळेत रॉय प्लंकेट या तरुण रसायनतज्ज्ञाने वायूने भरलेला सिलिंडर उघडला, तर बाहेर काहीच आलं नाही. सिलिंडर कापला तेव्हा आत पांढरी, मेणचट पूड सापडली. तिला काही चिकटत नव्हतं, आम्लाचाही तिच्यावर परिणाम होत नव्हता. हेच टेफ्लॉन. पन्नाशीच्या दशकात फ्रान्समध्ये त्याचा थर दिलेली भांडी निघाली. १९६८ साली औरंगाबादेत निर्लेप कंपनी सुरू झाली आणि कमी तेलात धिरडी सुटणारा तवा मराठी घरांत आला.

टेफ्लॉन तयार करताना पीएफओए नावाचं रसायन वापरलं जाई. कारखान्यातली माणसं त्याला सी-८ म्हणत. १९५१पासून थ्रीएम कंपनी ते वेस्ट व्हर्जिनियात, पार्कर्सबर्गजवळच्या ड्युपाँटच्या कारखान्याला पुरवू लागली. कार्बन आणि फ्लोरिन यांचा बंध इतका घट्ट असतो की ऊन, पाऊस, जिवाणू यांपैकी कशानेही तो तुटत नाही. शरीरात गेलेलं पीएफओए रक्तातल्या प्रथिनांना धरून राहतं. त्याचं प्रमाण नुसतं निम्म्यावर यायलाच काही वर्षं लागतात.

धोका ड्युपाँटला कळला नव्हता, असं म्हणायला जागा नाही. १९६१मध्येच तिच्या स्वतःच्या विषशास्त्रज्ञांना प्रयोगातल्या प्राण्यांची यकृतं मोठी झालेली दिसली होती. १९८१मध्ये कारखान्यातल्या सात कामगार स्त्रियांच्या बाळांपैकी दोघांच्या डोळ्यांत जन्मतः व्यंग आढळलं. १९८४मध्ये कंपनीने आसपासच्या गावांतल्या नळाचं पाणी गुपचूप तपासलं. त्यात सी-८ सापडलं, तरी गावकऱ्यांना कुणी काही सांगितलं नाही. मला या साऱ्या इतिहासातली सर्वांत संतापजनक गोष्ट हीच वाटते. पुढची कितीतरी वर्षं लोक तेच पाणी पीत राहिले, त्याच पाण्याचं दूध बाळांना पाजत राहिले.

हे उघडकीला आलं ते विल्बर टेनंट या शेतकऱ्यामुळे. त्याच्या कुरणातून वाहणाऱ्या ओढ्याच्या वरच्या अंगाला कंपनी आपला कचरा टाकत असे. ओढ्याला फेस येऊ लागला आणि शंभरावर गुरं तडफडून मेली. गावात कुणी दाद देईना, म्हणून टेनंटने मेलेली जनावरं स्वतः कापली आणि त्यांच्या काळ्या पडलेल्या अवयवांचं व्हिडिओ चित्रण केलं. १९९८मध्ये ती चित्रफीत घेऊन तो सिनसिनाटीचे वकील रॉब बिलट यांच्याकडे पोहोचला. बिलट एरवी रासायनिक कंपन्यांचीच वकिली करत. त्यांनी न्यायालयामार्फत कंपनीची हजारो कागदपत्रं मिळवली आणि वर सांगितलेल्या तारखा जगासमोर आल्या.

पुढे गावकऱ्यांच्या दाव्यातल्या तडजोडीत मिळालेल्या पैशांतून प्रत्येकी ४०० डॉलर देऊन सुमारे ६९ हजार लोकांचं रक्त तपासलं गेलं. शास्त्रज्ञांच्या समितीने कित्येक वर्षं अभ्यास केला आणि २०१२पर्यंत सी-८चा सहा विकारांशी संबंध संभवतो असा निष्कर्ष दिला. मूत्रपिंडाचा आणि वृषणाचा कर्करोग, थायरॉइडचे विकार, आतड्याचा अल्सरेटिव्ह कोलायटिस, वाढलेलं कोलेस्टेरॉल आणि गरोदरपणातला उच्च रक्तदाब. हा निकाल ऐकायला टेनंट नव्हता. २००९मध्येच तो गेला होता.

घरोघरच्या तव्याबद्दल मात्र घाबरून जाऊ नये. तवा रिकामा तापवू नये, थर निघू लागला की बदलावा, एवढं पुरे. खरी झळ बसते ती ही रसायनं बनतात आणि त्यांचं सांडपाणी सोडलं जातं तिथल्या माणसांना. २०१९मध्ये स्टॉकहोम कराराने पीएफओएवर बंदी आणली, २०२३च्या अखेरीस जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने त्याला कर्ककारक ठरवलं आणि २०२४मध्ये अमेरिकेने पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला चार नॅनोग्रॅम एवढी खाली आणली. पण पीएफओएच्या कुळात अशी हजारो रसायनं आहेत. एकावर बंदी आली की त्याचं भावंड बाजारात येतं.

इटलीत व्हिचेंझाजवळच्या मितेनी कारखान्याने साडेतीन लाख लोकांच्या भागातलं भूजल या रसायनांनी दूषित केलं. ते २०१३मध्ये उघड झालं, २०१८मध्ये कारखान्याचं दिवाळं निघालं आणि जून २०२५मध्ये तिथल्या न्यायालयाने अकरा माजी अधिकाऱ्यांना तुरुंगवासाची शिक्षा सुनावली. कारखान्याची यंत्रसामग्री लिलावात लक्ष्मी ऑरगॅनिक या भारतीय कंपनीच्या उपकंपनीने विकत घेतली. ती आता रत्नागिरी जिल्ह्यात, खेड तालुक्यातल्या लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीत आहे. यंत्रं नव्या मालकाकडे, नव्या जागी आली म्हणजे जुना अपराधही सोबत आला, असं नव्हे. पण पार्कर्सबर्ग आणि व्हिचेंझाच्या लोकांना जे फार उशिरा कळलं, ते आपल्याला आधीच ठाऊक आहे.

म्हणून लोट्याच्या परिसरातल्या विहिरी, बोअरवेल आणि दाभोळ खाडीतलं पाणी व मासळी यांची तपासणी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने आत्ताच करून घ्यावी आणि आकडे मराठीत, गावच्या फलकावर लावावेत. ही तपासणी दरवर्षी व्हावी. खेड-चिपळूणच्या ग्रामपंचायतींनी येत्या ग्रामसभेतच तसा ठराव करून मंडळाकडे पाठवावा.