जमिनीवरचे पक्षी आणि त्यांचा मेंदू

पक्षी म्हटला की त्याने उडावे, ही आपली सहज कल्पना. जो उडत नाही तो मागे पडलेला, आणि म्हणून मंदबुद्धी, असेही आपण धरून चालतो. संकट दिसताच शहामृग वाळूत डोके खुपसतो, ही गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. वस्तुतः तो तसे करीत नाही. तो पळतो, किंवा मान जमिनीलगत टेकवून निपचित बसतो. तेव्हा जमिनीवरच्या पक्ष्यांचा मेंदू खरोखर कसा असतो, याचा थोडा विचार आम्ही येथे करणार आहोत.

प्रथम रचना पाहू. पक्ष्याच्या डोक्यात पुढे मोठा मेंदू असतो. त्याच्या टोकाशी वासाचे ज्ञान देणारे गंधपिंड, दोन्ही बाजूंस डोळ्यांचे संदेश घेणारे दृष्टिपिंड, आणि मागे तोल सांभाळणारा लहान मेंदू. आपल्या मोठ्या मेंदूवर घड्यांची, थरांची साल असते. पक्ष्याच्या मेंदूवर तशी दिसत नाही. एवढ्यावरून जुन्या शास्त्रज्ञांनी ठरवून टाकले की, पक्ष्याला उपजत प्रेरणा आहे, बुद्धी नाही. मेंदूच्या भागांची नावेही त्याच समजुतीने पडली. ती चूक सुधारून नवी नावे रूढ करण्यास २००४ साल उजाडावे लागले.

मग २०१६ साली अनेक पक्ष्यांच्या मेंदूंतील चेतापेशींची मोजणी प्रसिद्ध झाली. ऑस्ट्रेलियातला एमू आणि अमेरिकेतला मकाव पोपट यांच्या मेंदूंचे वजन जवळजवळ सारखे, वीस-बावीस ग्रॅम. परंतु मकावच्या मेंदूत सुमारे तीन अब्ज पेशी, तर एमूच्या मेंदूत सुमारे १.३ अब्ज! म्हणजे मेंदूचे वजन हे बुद्धीचे माप नव्हे.

‘पाहा, जमिनीवर आला आणि मेंदू खालावला,’ असे कोणी म्हणेल. आम्हांस ते पटत नाही. न्यूझीलंडचा किवी पाहा. तोही उडत नाही. पण शरीराच्या मानाने त्याचा मोठा मेंदू चांगला भरलेला आहे. किवी रात्रीचा प्राणी. त्याचे दृष्टिपिंड अगदी लहान झाले आहेत आणि गंधपिंड मोठे. इतर पक्ष्यांच्या नाकपुड्या चोचीच्या मुळाशी, याच्या मात्र टोकाशी. मातीत पुरलेले खाद्य तो केवळ वासाने हुडकतो, हे बर्निस वेन्झेल यांनी १९६८ साली प्रयोगाने दाखविले. एक दार मिटले, दुसरे उघडले. याला ऱ्हास कसा म्हणावे?

मादागास्करच्या महाकाय ‘हत्तीपक्ष्या’ची साक्षही हीच. तो आज नामशेष आहे. पण पक्ष्याचा मेंदू कवटीत घट्ट बसलेला असतो. म्हणून रिकाम्या कवटीवरूनही त्याचा आकार कळतो. टॉरेस आणि क्लार्क यांनी २०१८ साली क्ष-किरणांच्या साह्याने कवटीचा आतला भाग पाहिला, तेव्हा दृष्टिपिंड जवळजवळ नाहीसेच आढळले. तोही रात्रीच वावरत असावा. हत्तीपक्षी हाच किवीचा सर्वांत जवळचा नातलग, हे २०१४ साली जनुकांवरून कळले होते. उलट शहामृग दिवसा उघड्या मैदानात राहतो, म्हणून त्याचा डोळा मेंदूपेक्षाही मोठा! न उडणे तिघांचेही; मेंदू घडविला तो ज्याच्या त्याच्या जगण्याने.

आता घरची गोष्ट. आपला माळढोक उडतो खरा, पण त्याचे जगणे माळावरचे. त्याच्या आफ्रिकेतील भाऊबंदांची दृष्टी तपासून २०१० साली असे दाखविण्यात आले की, डोळे बाजूंस असल्याने, उडताना खाली पाहण्यासाठी त्यांनी डोके झुकविले की समोरचे त्यांना दिसेनासे होते. लक्षावधी वर्षे मोकळ्या आकाशात समोर अडथळाच नव्हता. मग समोर पाहण्याचे कारण काय? आज तेथे विजेच्या तारा आहेत, आणि त्यांना धडकून माळढोक मरतात. सोलापूरजवळ नान्नजच्या माळावर त्याच्यासाठी १९७९ साली अभयारण्य झाले; तरी तो तेथे दुर्मिळच झाला.

पक्षी मूर्ख नाही. त्याचे डोळे आणि मेंदू ज्या जगासाठी घडले, ते जग आपण शंभर वर्षांत बदलले. नवा मेंदू घडण्यास त्याला युगे लागतील. तारा जमिनीखाली नेण्यास आपल्याला तितका वेळ लागू नये.