कोणाचा हंड्रेड, कोणाचा बिलियन

२० डिसेंबर १९७४ रोजी ब्रिटिश संसदेत एका प्रश्नाला पंतप्रधानांचं लेखी उत्तर आलं. प्रश्न होता टिव्हर्टनचे हुजूरपक्षीय खासदार रॉबिन मॅक्सवेल-हिस्लॉप यांचा. त्यांचं म्हणणं असं, की मंत्र्यांनी ‘बिलियन’ हा शब्द फक्त ब्रिटिश अर्थानेच वापरावा, म्हणजे एकावर बारा शून्यं. पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांनी साफ नकार दिला. बिलियन म्हणजे हजार मिलियन, एकावर नऊ शून्यं, असा अर्थ आता जगभर रूढ झाला आहे आणि ब्रिटिश मंत्र्यांनी तेवढा वेगळा धरला तर गोंधळच होईल, असं त्यांचं उत्तर होतं. देशात अजूनही काही लोक जुना अर्थ धरतील हेही त्यांनी मान्य केलं आणि शब्द वापराल तेव्हा संदिग्धता ठेवू नका, असं सहकाऱ्यांना बजावण्याचं आश्वासन दिलं.

चार ओळींच्या या उत्तराने ब्रिटनचा सरकारी बिलियन हजारपटीने आकसला. तिजोरीतला एक पेनीही इकडचा तिकडे झाला नाही.

संख्या बदलत नाहीत. बारा पूर्वी जेवढे होते तेवढेच आजही आहेत. संख्यांना दिलेली नावं मात्र बदलतात, आणि इंग्रजीत ती फारच बदलली आहेत. इंग्रजी संख्याशब्दांचा माग काढत गेलं की प्रत्येकामागे कोणीतरी मोजणारा सापडतो: धनगर, मासळीचा व्यापारी, पाववाला, सावकार, गणिती. शब्दाचा अर्थ त्याच्या धंद्याच्या सोयीने ठरलेला असतो. पुढे कधी कायदा, कधी बाजार, तर कधी पंतप्रधानांचं लेखी उत्तर त्या अर्थावर शिक्का मारतं.

बोटं संपल्यावर

सुरुवात हाताच्या बोटांपासून होते. इंग्रजीत तेरापासून एकोणीसपर्यंत ‘टीन’ लागतं, मग ‘इलेव्हन’ आणि ‘ट्वेल्व्ह’ वेगळे का? हे दोन्ही शब्द जुन्या जर्मानिक बोलीतून आले आहेत. इलेव्हनचा मूळ अर्थ ‘एक उरला’ आणि ट्वेल्व्हचा ‘दोन उरले’. म्हणजे दहा बोटं मोजून झाली आणि वर एवढे राहिले. इंग्रजीने ही तऱ्हा बारापाशी सोडली; लिथुआनियन भाषेने मात्र ‘उरले’चा तो ‘लिका’ प्रत्यय थेट एकोणीसपर्यंत नेला.

क्रमवाचक शब्दांत ‘सेकंड’ हा पाहुणा आहे. थर्ड, फोर्थ, फिफ्थ हे घरचे; सेकंड फ्रेंचमधून आला आणि त्याचं मूळ लॅटिनमध्ये, ‘मागून येणारा’ या अर्थाचं. त्याआधी दुसऱ्यासाठी ‘अदर’ हाच शब्द चालत असे. ‘एव्हरी अदर डे’ म्हणजे दिवसाआड, यात तो जुना अर्थ अजून टिकून आहे. घड्याळातला सेकंदही याच लॅटिन शब्दाचा: तासाचा पहिला बारीक भाग तो मिनिट आणि दुसऱ्यांदा केलेला बारीक भाग तो सेकंद.

संख्या बोलण्याचा क्रमही बदलला. आज ‘ट्वेंटी फोर’ म्हणणारे इंग्रज पूर्वी सर्रास ‘फोर अँड ट्वेंटी’ म्हणत, म्हणजे आपल्या ‘चोवीस’सारखं एकक आधी, दशक नंतर. जर्मन लोक आजही तसंच म्हणतात. नॉर्वेने १९५१ मध्ये सरकारी निर्णय घेऊन क्रम उलटा केला. टेलिफोनचे आकडे सांगता-ऐकताना होणारा घोटाळा हे त्यामागचं एक मोठं कारण होतं. महाराष्ट्रात हाच वाद २०१९ च्या जूनमध्ये पेटला. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस, बावीस’च्या जोडीला ‘वीस एक, वीस दोन’ असं वाचन आलं आणि प्रकरण विधिमंडळापर्यंत पोचलं. जोडाक्षरांनी भरलेले आणि उलट्या क्रमाचे शब्द मुलांना जड जातात, अशी गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांची भूमिका होती. इंग्रजीत वीसच्या पुढे सगळं सुतासारखं सरळ आहे, हा मुद्दा त्या वादात वारंवार आला. मात्र तो सरळपणा इंग्रजीला जन्मजात मिळालेला नाही, हे सहसा कोणी सांगितलं नाही.

वीस मेंढ्या, एक खाच

उत्तर इंग्लंडच्या डोंगराळ भागात, कंब्रिया आणि यॉर्कशरच्या खोऱ्यांत, मेंढपाळांची मोजणी वेगळीच होती: यान, टॅन, टेथेरा, मेथेरा, पिप. खोऱ्यागणिक उच्चार बदलत, पण घाट एकच. पंधराला ‘बम्फिट’ आणि सोळाला ‘यान-अ-बम्फिट’, म्हणजे पंधरावर एक. वेल्श भाषेतही सोळा हे ‘पंधरावर एक’ असेच सांगतात. त्यामुळे ही मोजणी इंग्रजीच्या आधीच्या केल्टिक बोलींशी नातं सांगते. वीसला ‘जिगिट’ म्हटलं की यादी संपली. पुढच्या मेंढीला पुन्हा यान.

मग वीस-वीसांचे गट लक्षात ठेवायचे कसे? त्याचं उत्तर ‘स्कोअर’ या शब्दात आहे. प्राचीन नॉर्स भाषेत ‘स्कोर’ म्हणजे काठीवर पाडलेली खाच. वीस झाले की एक खाच, म्हणून स्कोअर म्हणजे वीस. इंग्रजी बायबलच्या १६११ च्या भाषांतरात माणसाचं आयुष्य ‘तीन विसा आणि दहा’ वर्षांचं सांगितलं आहे. १८६३ मध्ये गेटिसबर्गच्या भाषणात अब्राहम लिंकन यांनी १७७६ पासूनची सत्त्याऐंशी वर्षं ‘चार विसा आणि सात’ अशी मोजली. आपल्याकडेही विसा आणि कोडी होत्याच. कापडाच्या व्यापारातली ही कोडी ईस्ट इंडिया कंपनीच्या कागदपत्रांत ‘कॉर्ज’ होऊन बसली. सुरुवातीच्या क्रिकेटमध्येही धावा काठीवर खाचा पाडूनच मोजत. धावेला तेव्हा ‘नॉच’ म्हणजे खाचच म्हणत. आज वानखेडेवर पोरं ‘स्कोअर काय झाला?’ विचारतात, तेव्हा ती त्या खाचेबद्दलच विचारत असतात.

इंग्लंडचा राजकोषही खाचांवर चालायचा. बाराव्या शतकातल्या रिचर्ड फिट्झनील यांच्या ग्रंथात त्याचे नियम दिले आहेत: हजार पौंडांची खाच तळहाताच्या जाडीची, शंभराची अंगठ्याएवढी, विसाची करंगळीएवढी आणि एका पौंडाची जवाच्या फुगीर दाण्याएवढी. खाचा पाडून काठी उभी चिरायची. एक फाक देणाऱ्याकडे, एक घेणाऱ्याकडे. दोन्ही फाका जुळल्या की हिशोब जुळला. अक्षरशत्रूलाही फसवता येऊ नये अशी ही पक्की पावती होती. ही पद्धत १८२६ मध्ये पूर्ण बंद झाली आणि काठ्यांचे ढीग तेवढे उरले. १६ ऑक्टोबर १८३४ रोजी त्या हाउस ऑफ लॉर्ड्सखालच्या भट्ट्यांत घालून जाळल्या. भट्ट्या भडकल्या आणि वेस्टमिन्स्टरचा जुना राजवाडा बहुतांशी भस्मसात झाला.

एकशे वीसचा शंभर

‘हंड्रेड’ म्हणजे शंभर, यात शंका कसली? पण जुन्या नॉर्समध्ये ‘हुंद्राद’ म्हणजे एकशे वीस असत, सहा विसा. ही मोजणी इंग्लंडच्या बाजारातही रुजली आणि तिला ‘लाँग हंड्रेड’ म्हणजे लांब शंभर म्हणू लागले. साधारण १३०० च्या सुमाराच्या वजनमापांच्या इंग्रजी कायदेशीर दस्तऐवजात हेरिंग मासळीचा हिशोब दिला आहे. तिथे मासळीचा प्रत्येक हंड्रेड सहा विसांचा आहे. त्याच कागदात मेण आणि मिरी यांचा तोलाचा हंड्रेड मात्र १०८ पौंडांचा. म्हणजे एकाच कागदावर एकच शब्द, आणि तो किती हे समोरच्या पाटीत काय आहे त्यावर ठरायचं. ‘थाउजंड’ तर मुळात ‘फुगलेला शंभर’ असावा, असं अभ्यासक मानतात.

पुढे तोलाचा हंड्रेड, हंड्रेडवेट, ११२ पौंडांवर स्थिरावला: चौदा पौंडांचा एक ‘स्टोन’, असे आठ स्टोन. वीस हंड्रेडवेट म्हणजे एक टन, २२४० पौंड. अमेरिकेने हंड्रेडवेट सरळ १०० पौंडांचा केला आणि तिथला टन २००० पौंडांवर उतरला. एका नावाचे दोन टन अटलांटिकच्या दोन काठांवर आजही आहेत. मेट्रिक टन तिसरा. हंड्रेडवेटचा एक दूरचा भाऊ लासलगावच्या कांदा बाजारात रोज पुकारला जातो, तो म्हणजे क्विंटल. लॅटिनमधल्या ‘शंभराचा’ या अर्थाच्या शब्दाने ग्रीकमार्गे अरबीत ‘किंतार’ असं रूप घेतलं आणि युरोपात परतून तो क्विंटल झाला. आपला क्विंटल बरोबर शंभर किलोंचा असल्याने तो नावाला जागतो, एवढंच.

डझनाची कथा छोटी. फ्रेंच ‘दूझेन’ म्हणजे बाराची जुडी. तेरा म्हणजे पाववाल्याचा डझन. पावाच्या वजनावर तेराव्या शतकापासून इंग्लंडमध्ये कडक कायदा होता आणि कमी भरल्यास शिक्षा होई, म्हणून पाववाले बारांवर एक फुकट घालत, असं त्याचं कारण सांगतात. बारा डझनांचा ग्रोस आपल्या घाऊक बाजारात बटणं-पेन्सिलींच्या खोक्यांवर अजून भेटतो. पंधरवड्याचंही तसंच. इंग्रजांचा ‘फोर्टनाइट’ म्हणजे चौदा रात्री, आपला पंधरवडा तिथींनी मोजलेला. दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरले जातात आणि त्या एका दिवसाचा हिशोब कोणी मागत नाही.

शून्याची तर नावंच वेगवेगळी. फुटबॉलमध्ये ‘निल’, टेनिसमध्ये ‘लव्ह’, क्रिकेटमध्ये बदकाच्या अंड्यावरून ‘डक’, फोन नंबर सांगताना ‘ओ’. आणि गणिताच्या तासाला येणारा ‘झिरो’ हा अरबी ‘सिफ्र’मार्गे आलेला आपल्याच ‘शून्य’चा अनुवाद. संख्या एक, पण तिचं नाव मैदानावर ठरतं.

बिलियनची अदलाबदल

‘मिलियन’ हा इटालियन व्यापाऱ्यांचा शब्द: ‘मिले’ म्हणजे हजार आणि त्याला थोरपणाचा प्रत्यय, म्हणजे थोरला हजार. इंग्रजीत तो चौदाव्या शतकाच्या अखेरीस आला. त्यापुढच्या संख्यांना पद्धतशीर नावं दिली लियाँमध्ये राहणाऱ्या निकोला श्युके या गणितीने. १४८४ च्या हस्तलिखितात त्याने सहा-सहा आकड्यांचे गट पाडले. मिलियन गुणिले मिलियन म्हणजे बिलियन, त्याला पुन्हा मिलियनने गुणलं की ट्रिलियन. ‘बि’ म्हणजे दोन आणि ‘ट्रि’ म्हणजे तीन, हे या पद्धतीत चोख बसतं. त्याचं हस्तलिखित १८८० पर्यंत छापलं गेलं नाही. दरम्यान एस्तियेन दे ला रोश याने १५२० च्या आपल्या पुस्तकात त्यातलं बरंच काही उचललं.

सतराव्या शतकात काही फ्रेंच लेखकांनी सहाऐवजी तीन-तीनांचे गट पाडले आणि बिलियन बारा शून्यांवरून नऊवर आला. अमेरिकेने फ्रान्सची ही नवी रीत घेतली. ब्रिटनने जुनीच धरून ठेवली आणि मधल्या संख्येला ‘थाउजंड मिलियन’ किंवा ‘मिलियार्ड’ म्हटलं. गंमत पुढेच आहे. ज्या फ्रान्सने धाकटा बिलियन अमेरिकेला दिला, त्यानेच १९६१ मध्ये सरकारी हुकमाने थोरला परत आणला. आणि तेरा वर्षांनी थोरल्याचा पुरस्कर्ता ब्रिटन धाकट्याकडे गेला. आज जर्मनी, फ्रान्स, स्पेनमध्ये बिलियनच्या जातकुळीचा शब्द बारा शून्यांचा आहे. पोर्तुगाल थोरला मानतो, तर त्याचीच भाषा बोलणारा ब्राझील धाकटा.

शास्त्रज्ञांनी यातून आपापली वाट काढली. कॅलिफोर्नियात बर्कलेला १९५४ मध्ये सुरू झालेल्या कणत्वरकाचं नाव ‘बेव्हाट्रॉन’. त्यातला ‘बेव्ह’ म्हणजे बिलियन इलेक्ट्रॉन व्होल्ट. १९५५ मध्ये याच यंत्रावर प्रतिप्रोटॉन सापडला. पण अमेरिकेचा बिलियन युरोपच्या बिलियनशी जुळेना, म्हणून पुढे ‘बिलियन’ वगळून ‘गिगा’ आला आणि एकक ‘जीईव्ही’ झालं. यंत्राचं नाव तेवढं जुनं राहिलं. परकीय चलनाच्या बाजारातले दलाल बिलियनला ‘यार्ड’ म्हणतात, ‘मिलियार्ड’वरून. फोनवर मिलियन आणि बिलियन यांत फक्त सुरुवातीच्या अक्षराचा फरक, आणि चूक झाली तर सौदा हजारपट. तिथे ऐकण्यातल्या चुकीची किंमत लगेच कळते.

लाख-कोटींची इंग्रजी

आपल्याकडे इंग्रजीची तिसरीच तऱ्हा आहे. भारतातल्या इंग्रजीने ‘लॅख’ आणि ‘क्रोर’ कधी सोडलेच नाहीत. १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या अँग्लो-इंडियन कोशात दोघांच्याही नोंदी आहेत. स्वल्पविरामही आपला वेगळा: १,००,०००. याचं मूळ इथल्या दशमान परंपरेत आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त, म्हणजे ११५० मध्ये, एक, दश, शत, सहस्र अशी चढत जाणारी यादी परार्धापर्यंत जाते. तिच्यात प्रत्येक दहापटीला स्वतंत्र नाव आहे आणि अब्ज म्हणजे एकावर नऊ शून्यं. धाकट्या बिलियनसाठी हा तयार शब्द निदान बाराव्या शतकापासून आहे.

तरी मराठी वृत्तपत्रांच्या मेजांवर घोटाळे होतातच. एक मिलियन म्हणजे दहा लाख, एक बिलियन म्हणजे शंभर कोटी, एक ट्रिलियन म्हणजे एक लाख कोटी. २०१९ मध्ये पाच ट्रिलियन डॉलरच्या अर्थव्यवस्थेचं उद्दिष्ट जाहीर झालं, तेव्हा मराठीत ते ‘पाच लाख कोटी डॉलर’ झालं. हे बरोबरच होतं. मात्र शेजारच्या बातमीत ‘लाख कोटी’ रुपयांत असले की वाचकाच्या मनात दोन्हींची गल्लत होते. जर्मन किंवा स्पॅनिश स्रोतावरून आलेली बातमी असेल, तर त्यातला ‘बिलियन’ बारा शून्यांचा असू शकतो. १९७४ च्या आधीच्या ब्रिटिश पुस्तकातला बहुधा असतोच.

लाख-कोटी सोडून मिलियन-बिलियनच सर्वत्र चालवावेत, म्हणजे गोंधळ मिटेल, असं सुचवणारे बरेच आहेत. पण वरचा सगळा इतिहास उलटंच सांगतो. सर्वांसाठी एकच शब्द ठेवला तेव्हाही अर्थ एक राहिलेला नाही. आपला लाख गेली कित्येक शतकं पाचच शून्यांचा आहे, हेच त्याचं मोठं बळ आहे. म्हणून अनुवादकाने आणि बातमीदाराने एक साधी शिस्त पाळावी: परका संख्याशब्द दिसला की आधी तो कोणी, कुठे आणि कधी लिहिला ते पाहावं, मग शून्यं मोजावीत, आणि शब्दाचं भाषांतर न करता त्या शून्यांचंच करावं.