महाविद्यालयीन संकेतस्थळाचे मूल्यमापन व सुधारणा : वेब विश्लेषणाचा उपयोग

प्रस्तावना

अनेक महाविद्यालयांच्या संकेतस्थळांवर मुखपृष्ठाच्या तळाशी भेटींची संख्या दाखविणारा आकडा असतो. तो वाढत गेला की संकेतस्थळ उत्तम चालले आहे असा समज होतो आणि वार्षिक अहवालातही त्याची नोंद केली जाते. परंतु गुणवत्ता यादी शोधणाऱ्या विद्यार्थ्याला ती यादी मिळाली काय, या प्रश्नाचे उत्तर त्या आकड्यात नसते. यादी वेळेत न सापडल्यास त्या विद्यार्थ्याचा प्रवेश हुकू शकतो. संकेतस्थळाच्या वापराची माहिती गोळा करणे, तिचा अर्थ लावणे आणि त्याआधारे सुधारणा करणे म्हणजे वेब विश्लेषण होय. या विश्लेषणातील आकडे कसे तयार होतात व ते कसे वाचावेत, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

माहिती गोळा करण्याच्या पद्धती

पहिली पद्धत सर्व्हरवरील नोंदींची होय. सर्व्हरकडे आलेली प्रत्येक विनंती नोंदविली जाते व तिला 'हिट' असे म्हटले जाते. एखाद्या पृष्ठावर २० चित्रे असतील, तर एका वाचकाने ते पृष्ठ प्रथम उघडताच पृष्ठाची एक व चित्रांच्या २० अशा २१ विनंत्या नोंदविल्या जातात. शोधयंत्रांच्या स्वयंचलित फेऱ्याही या नोंदींत समाविष्ट होतात. याउलट, एकाच इंटरनेट पत्त्यावरून चालणाऱ्या संगणक प्रयोगशाळेतील ४० विद्यार्थी केवळ पत्त्यावरून मोजल्यास एकच ठरतात. म्हणजे हीच पद्धत एके ठिकाणी संख्या फुगविते, तर दुसरीकडे ती घटविते.

दुसऱ्या पद्धतीत प्रत्येक पृष्ठात जावास्क्रिप्टचा छोटा संकेत बसविला जातो व वाचकाच्या ब्राउझरमधून माहिती पाठविली जाते. गूगलने २००५ मध्ये अर्चिन ही कंपनी विकत घेऊन त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गूगल अ‍ॅनालिटिक्स ही सेवा विनामूल्य उपलब्ध केली. तिच्या युनिव्हर्सल अ‍ॅनालिटिक्स या आवृत्तीतील नोंदणी १ जुलै २०२३ पासून थांबविण्यास आरंभ झाला व तिची जागा 'अ‍ॅनालिटिक्स ४'ने घेतली. २००७ मध्ये पिविक या नावाने सुरू झालेली व आता माटोमो या नावाने ओळखली जाणारी मुक्त प्रणाली संस्थेला आपल्याच सर्व्हरवर चालविता येते. मात्र ज्यांच्या ब्राउझरमध्ये असे संकेत रोखलेले असतात, त्यांची नोंद या पद्धतीत होत नाही. म्हणून दोन्ही पद्धती परस्परपूरक मानणे योग्य ठरते.

आकड्यांचा अर्थ

जुन्या व्याख्येनुसार, एकच पृष्ठ पाहून व अन्य कोणतीही नोंदणीय कृती न करता वाचक परतल्यास ती भेट 'बाउन्स' मानली जात असे. परीक्षेचे वेळापत्रक उघडून, ते पाहून समाधानाने परतणारा विद्यार्थीही त्यामुळे अपयशाच्या रकान्यात जाई. 'अ‍ॅनालिटिक्स ४'मध्ये १० सेकंदांहून अधिक काळ चाललेली, किमान २ पृष्ठे पाहिलेली अथवा संस्थेने महत्त्वाची ठरविलेली कृती घडलेली भेट 'सहभागी' मानली जाते व उर्वरित भेटी 'बाउन्स' ठरतात. तरीही आकड्याचा अर्थ पृष्ठाच्या उद्देशावरच अवलंबून राहतो. ग्रंथालयाविषयीचा लेख पाच मिनिटे वाचला गेला तर ते यश असते. शुल्क भरण्याच्या पृष्ठावर पाच मिनिटे गेली, तर कदाचित विद्यार्थ्याला मार्गच सापडलेला नसतो.

गतीचे मोजमाप

संकेतस्थळाच्या गतीबाबत सरासरी विशेष फसवी असते. समजा, १० भेटींपैकी ७ मध्ये पृष्ठ १ सेकंदात उघडले व ३ मध्ये ११ सेकंद लागले. सरासरी ४ सेकंद येते, परंतु ४ सेकंदांचा अनुभव एकालाही आलेला नाही. या कारणास्तव गूगलने २०२० मध्ये मांडलेले 'कोअर वेब व्हायटल्स' हे निकष ७५ व्या शततमकावर तपासले जातात; म्हणजे किमान तीनचतुर्थांश भेटींचा अनुभव समाधानकारक असावा लागतो. पृष्ठाचा मुख्य भाग २.५ सेकंदांत दिसावा, वाचकाच्या कृतीला २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद मिळावा आणि मजकूर हलण्याचे प्रमाण ०.१ पेक्षा अधिक नसावे, असे हे तीन निकष आहेत. वरील उदाहरणातील ११ सेकंद हा मुख्य भाग दिसण्याचा काळ धरल्यास ते पृष्ठ येथे अनुत्तीर्ण ठरेल. महाविद्यालयात वेगवान जोडणीवर काम करणाऱ्यांना हा दोष जाणवत नाही. गावातून मोबाइलवर पृष्ठ उघडणाऱ्या विद्यार्थ्याला तो जाणवतो.

सुधारणेचा क्रम

प्रथम संकेतस्थळाचे कार्य निश्चित करावे. उदाहरणार्थ, प्रवेश अर्ज पूर्ण भरला जाणे. त्यानंतर माहितीपत्रक, अर्ज, शुल्क व पावती यांपैकी कोणत्या टप्प्यावर विद्यार्थी गळतात ते पाहावे. संकेतस्थळाच्या अंतर्गत शोधपेटीत विद्यार्थी कोणते शब्द टाकतात, याची नोंदही बोलकी असते. आपल्याकडे छापील सूचना स्कॅन करून चित्ररूपात चढविण्याची प्रथा आहे. असे चित्र मजकुराच्या तुलनेत बरेच जड असते, त्यातील मजकूर शोधात सहसा सापडत नाही आणि दृष्टिबाधितांच्या वाचन-प्रणालीलाही तो वाचता येत नाही. तीच सूचना युनिकोड मराठीत टंकलिखित केल्यास हे तिन्ही दोष दूर होतात. एका वेळी शक्यतो एकच बदल करावा आणि तुलना समान काळाशी करावी. जूनमधील प्रवेशाच्या गर्दीची दिवाळीच्या सुटीशी केलेली तुलना निरर्थक होय.

विद्यार्थ्यांच्या खासगीपणाचे भान राखणेही आवश्यक आहे. नाव, भ्रमणध्वनी वा नोंदणी क्रमांक पृष्ठाच्या पत्त्यात येऊ देऊ नये, कारण तो पत्ता विश्लेषण-सेवेकडे जातो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमामुळे या जबाबदारीला कायद्याचे अधिष्ठान लाभले आहे.

समारोप

वेब विश्लेषण अडचणीचे ठिकाण दाखविते. अडचणीचे कारण मात्र विद्यार्थ्यांशी बोलूनच समजते. विद्यार्थ्याचे काम कोठे अडते, हा प्रश्न प्राध्यापकांनी प्रथम विचारला, तरच हाती आलेल्या आकड्यांना अर्थ प्राप्त होईल. भेटींची संख्या घटूनही संकेतस्थळ सुधारलेले असू शकते. पूर्वी तीन वेळा येऊन शोधावी लागणारी यादी आता पहिल्याच भेटीत मिळत असेल, तर ती घट स्वागतार्हच मानावी लागेल.