आत्मविश्वास ओरडून येत नाही

वस्तीतल्या कबड्डीच्या सरावाला मी अधूनमधून जाते. पहिल्याच चढाईत पकडली गेलेली १४ वर्षांची मुलगी पुन्हा जायला तयार नसते आणि कोच ओरडतात, "घाबरतेस कशाला?" ती आणखी मागे सरकते.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडले की, 'मला हे जमेल' हा विश्वास चार गोष्टींतून येतो : स्वतः करून जमलेले काम, आपल्यासारख्याच कुणाला जमताना पाहणे, भरवशाच्या माणसाचे शब्द आणि शरीराची अवस्था. यात पहिली सर्वांत बळकट. म्हणून त्या मुलीला सात जणींसमोर ढकलण्याआधी दोघींसमोर पाठवावे. गुण नको, फक्त निदानरेषा ओलांडून परत ये, एवढेच सांगावे. जमले की एकेक बचावपटू वाढवावी. नुसते "छान" म्हणू नये. "पाय वेळेत मागे घेतलास" असे नेमके सांगावे. धडधड होते ती शरीराची तयारी, हेही कुणीतरी सांगायला हवे.

पण संधीच दिली नाही तर? पुण्यात इंग्रजांना नेटमध्ये तासन्‌तास गोलंदाजी करणाऱ्या पालवणकर बाळूंच्या हाती बॅट दिली जात नसे, असे सांगतात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. बॅटचे काय झाले असते, कुणास ठाऊक.

आमच्याकडचा एक मुलगा वर्षभर रोज सरावाला आला. एकाही सामन्यात उतरवला नाही. विचारले तर उत्तर मिळाले, "त्याच्यात कॉन्फिडन्सच नाही."