बटण सोडलं तरी विंच फिरतच राहतो, घरी बनवलेल्या रिमोट ट्रकचं हे दुखणं नेमकं काय असतं?

असं समजा, पाचोऱ्यातला मे महिना आहे. पारा ४५ अंशांच्या आसपास. ऊन जरा उतरल्यावर पोरं घरी बनवलेला रिमोटचा ट्रक गच्चीवर घेऊन आलीत. ट्रक विटांच्या ढिगात अडकतो. पुढच्या विंचची दोरी पाइपला बांधली जाते, बटण दाबलं जातं आणि ट्रक स्वतःला ओढून बाहेर काढतो. टाळ्या पडतात. बटण सोडलं जातं.

पण विंच काही थांबत नाही. हळूहळू तो दोरी गुंडाळतच राहतो. सकाळी घरात हाच विंच बटण सोडल्यावर जागच्या जागी थांबत होता.

रिमोट गाड्यांचा नाद असणारे याला सर्व्हो ड्रिफ्ट म्हणतात. दिसायला गंमत वाटते, पण दुर्लक्ष केलं तर महागात पडतं. दोरी पूर्ण गुंडाळली जाते, हुक अडकतो आणि मोटार जागच्या जागी जोर लावत बसते. मग करंट वाढतो, सर्व्हो तापतो आणि शेवटी जळतो.

मुळात सर्व्हो काम कसं करतो?

सर्व्होच्या छोट्या डबीत चार गोष्टी असतात. मोटार, गिअर, एक सर्किट आणि एक पॉट. पॉट म्हणजे जुन्या रेडिओत आवाज कमी-जास्त करायला असायचा तसाच फिरणारा रेझिस्टन्स.

रिमोटचा रिसीव्हर सर्व्होला सेकंदाला साधारण ५० वेळा विजेचा ठोका पाठवतो. ठोका १५०० मायक्रोसेकंदांचा असला की मधोमध, १००० चा असला की एका टोकाला, २००० चा असला की दुसऱ्या टोकाला. आपण आत्ता कुठे आहोत हे सर्व्होला पॉट सांगतो. ठोका आणि पॉट यांचं जुळलं की मोटार थांबते.

पण असा सर्व्हो अर्धा फेरा फिरून थांबणार. विंचला तर गोल गोल फिरायला हवं. म्हणून हौशी लोक त्याची शस्त्रक्रिया करतात. गिअरवरचा अडथळा कापतात आणि पॉट मधोमध ठेवून चिकटवून टाकतात.

आता सर्व्होला कायम वाटतं, की आपण मध्यावरच आहोत. १७०० चा ठोका आला की तो मध्य सोडून निघतो, पण पॉट हलत नसल्यामुळे मुक्काम कधीच येत नाही. तो फिरत राहतो. १५०० आला की थांबतो.

थोडक्यात, या विंचमध्ये ब्रेक नावाची वस्तूच नाही. रिमोटचा आकडा आणि सर्व्होचा आकडा जुळला तरच तो थांबतो. दोघांपैकी एक जरा सरकला की ड्रिफ्ट सुरू.

मग आकडा सरकतो कशामुळे?

खानदेशात पहिला संशय उन्हावरच घ्यायचा. चिकटवलेला पॉट गरमीने आणि धक्क्यांनी किंचित हलतो. शिवाय साध्या अॅनालॉग सर्व्होच्या सर्किटमध्ये वेळ मोजणारे भागही तापले की थोडे बदलतात. समजा सर्व्होचा मध्य १५०० वरून १५१५ वर गेला. एवढ्याशा फरकाकडे सर्व्हो काणाडोळा करत नाही, तो रांगायला लागतो.

पण आधी रोग ओळखा

पहिली तपासणी फुकटात होते. दोरी सोडा आणि रिकामा ड्रम बघा. रिकामा असतानाही फिरतोय, तर ड्रिफ्ट आहे. रिकामा असताना शांत आणि उतारावर ट्रक लटकला की दोरी सुटते, तर तो ड्रिफ्ट नाही. ट्रकच्या वजनाने गिअर उलटे फिरत आहेत. त्याला वर्म गिअरचा विंच हाच खरा उपाय.

दुसरी तपासणी. विंच काढा आणि त्याच चॅनेलला न कापलेला साधा सर्व्हो लावा. दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवा. त्याचाही हात आपोआप सरकला, तर दोष रिमोट किंवा रिसीव्हरकडे. तो स्थिर राहिला, तर दोष विंचच्या सर्व्होत. त्या चॅनेलला तीन जागांचं बटण आहे ना, हेही बघा. दोनच जागा असतील तर मध्य मिळणारच नाही.

तिसरी तपासणी. ट्रक जोरात पळवला की विंच झटके देतो का? देत असेल, तर चाकांची मोटार करंट ओढते आणि सर्व्होला व्होल्टेज कमी पडतं. विंचला वेगळा पुरवठा दिला की हा त्रास जातो.

दुरुस्ती कशी करायची?

सगळ्यात सोपा उपाय रिमोटवरच असतो. सब-ट्रिम किंवा ट्रिम एकेक पाऊल हलवा आणि ड्रम थांबला की सोडा. पण हे थंड सर्व्होवर करू नका. विंच दहा मिनिटं वापरून, तापवून मगच करा. सकाळच्या गारव्यात जुळवलेला मध्य दुपारी चुकतोच.

रोज ट्रिम हलवावा लागत असेल, तर पॉटला सुट्टी द्या. त्याच्या तीन तारा सोडवा आणि जागेवर सारख्या किमतीचे दोन रेझिस्टर लावा. सर्व्होत अनेकदा ५ किलोओहमचा पॉट असतो, त्याला २.२ किलोओहमचे दोन चालतात. दोघांचा जोड मधल्या तारेला, उरलेली टोकं बाजूच्या तारांना.

रेझिस्टर एक टक्कावाले मेटल फिल्म घ्या. २.२ किलोओहमवर लाल, लाल, काळा, तपकिरी, तपकिरी असे पट्टे असतात. दहा नग आणा, मल्टिमीटरने मोजा आणि सगळ्यात जवळची जोडी निवडा. सोल्डर केल्यावर उघड्या तारांवर स्लीव्ह चढवा. पॉट मात्र उपटून फेकू नका, काही सर्व्होंमध्ये गिअर त्याच्याच दांड्यावर टेकलेला असतो.

याने पॉटचा दोष जातो. सर्किटच्या तापण्याचा थोडा फरक उरतो, तो सब-ट्रिमने सावरता येतो.

तेही नको असेल, तर सर्व्होचं सर्किट काढून मोटार थेट एका छोट्या ब्रश ईएससीला जोडतात. मोटारचा वेग सांभाळणाऱ्या या सर्किटमध्ये मध्याची जागा बरीच रुंद असते, त्यामुळे १०-१५ मायक्रोसेकंदांच्या फरकाने ते सहसा हलत नाही. फक्त पुढे-मागे लगेच फिरवणारा ईएससी निवडा. आणि साध्या सर्व्होची मोटार ४.८ ते ६ व्होल्टची असते, तिला ७.४ व्होल्टची बॅटरी थेट देऊ नका.

काहीही केलं तरी एक सवय लावून घ्या. खेळ संपला की दोरी थोडी सैल सोडायची आणि बॅटरीची पिन काढायची. आणि सर्व्हो उघडायला पेचकस हातात घेण्याआधी दोरी सोडून रिकामा ड्रम एकदा बघायचा.