टॅबलेटला स्क्रीन गार्ड लावायचा की नाही? आधी हे दोन प्रश्न विचारा

गेल्या महिन्यात राहुरीजवळच्या गावातून माझ्या बहिणीचा फोन आला. उसाच्या बिलातून तिने दहावीतल्या पोरासाठी टॅबलेट घेतला होता. "दादा, दुकानदार म्हणतो ग्लास टाकाच. खरंच लागते का रे, का उगाच पैसे काढतोय?"

आता गंमत अशी, की माझ्या स्वतःच्या टॅबलेटवर गार्ड नाही. तरी तिला मी लावायला सांगितला. का, ते बघू.

ओरखडे कशाने पडतात?

आपल्याला भीती किल्ल्यांची वाटते, पण खरा शत्रू धूळ आहे. पदार्थाचा कठीणपणा मोजायला फ्रेडरिक मोह्स या जर्मन खनिजतज्ज्ञाने 1812 मध्ये 1 ते 10 अशी श्रेणी बनवली. त्यात नख साधारण 2.5, चाकूचं पोलाद 5.5, स्क्रीनची काच 6 च्या आसपास आणि क्वार्ट्झ 7. म्हणजे किल्ली सहसा काचेला काही करत नाही, पण वाळूतला क्वार्ट्झचा कण करतो. आपल्या शेतात सापडणारी गारगोटी हाही क्वार्ट्झचाच प्रकार.

नगर-मनमाड रस्त्याने एसटीने फिरलात की बॅगेत किती धूळ जाते, हे सांगायला नको. माझ्या जुन्या टॅबलेटवरचे ओरखडे असेच पडले. धुळीची स्क्रीन मी शर्टाच्या बाहीने खसाखसा पुसायचो. कण तिथेच, वर माझा जोर!

"9एच" म्हणजे काय?

पाकिटावर "9एच" लिहिलेलं असतं. ते मोह्सचं 9 नव्हे. ते पेन्सिलीचं माप आहे: 9एच या कडक पेन्सिलीने ओरखडा पडत नाही, एवढाच अर्थ. वाळूने त्या ग्लासवरही ओरखडे पडतात. फरक इतकाच, की ते काही शे रुपयांच्या काचेवर पडतात, मूळ स्क्रीनवर नाही.

पडला तर?

इथे अपेक्षा कमी ठेवा. टॅबलेट मोठा आणि जड, तो बहुतेक वेळा कोपऱ्यावर आपटतो. तिथे गार्ड फारसा कामाला येत नाही, जाड कडांचं कव्हर येतं. सपाट पडून खाली खडा आला, तर मात्र ग्लास थोडा मार स्वतःवर घेते.

दुरुस्तीचंही बघा. बऱ्याच स्वस्त टॅबलेटमध्ये वरची काच वेगळी बदलता येते. महागड्यांत ती डिस्प्लेला चिकटवलेली असते, त्यामुळे अख्खा भाग बदलावा लागतो.

मग ठरवायचं कसं?

पहिला प्रश्न: टॅबलेट कुठे राहणार? घरात टेबलावर, कव्हरमध्ये, तर गार्ड नसला तरी चालेल. शेत, शाळा, एसटी, लहान मुलं असतील तर लावाच.

दुसरा प्रश्न: स्टायलसने लिहिणार का? गुळगुळीत ग्लासवर पेन घसरतो. मॅट फिल्मवर कागदासारखं वाटतं, उन्हाची चमकही कमी होते, पण चित्र जरा धूसर दिसतं आणि पेनाचं टोक लवकर झिजतं. मी दिवसभर टेबलाशी बसून स्टायलसने काम करतो, म्हणून माझा टॅबलेट उघडाच.

लावताना

मोठ्या स्क्रीनवर एक कण राहिला तरी बुडबुडा दिसतो. पंखा बंद करा, हात धुवा, उरलेले कण चिकटपट्टीने उचला. पुसताना आधी धूळ झटका, मग मऊ कापड हलक्या हाताने फिरवा.

बहिणीला मी शेवटी सांगितलं, "पैसे एकाच गोष्टीचे असतील तर आधी कव्हर घे. उरले तर ग्लास." तिने दोन्ही घेतलं. पोरगा रोज सायकलने, दप्तरात टॅबलेट टाकून क्लासला जातो. दुसरा टॅबलेट यंदा होणार नाही, त्यामुळे तिचा निर्णय मला बरोबर वाटतो.